आधी बसा, मग गाव ठरवू

गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. माझी खोली वर आणि खाली घरमालकांचं दुकान. बसच्या, जीपच्या, रिक्षाच्या सीटांच्या गाद्या आणि कव्हरं शिवायचं. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. आता दुकान पुतण्याकडं सोपवून ते मुलीकडं नांदेडला असतात. अधूनमधून फोन येतो. तब्येत, नोकरी, बायको-पोरं अशा किरकोळ चौकशा नंतर. आधी विचारतात, "कंपनीच्या बसची सीट सुधारली का नाय अजून?"

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला नाव, गाव, पगार काही विचारलं नाही. दुकानाच्या मधोमध कुठल्याशा जुन्या लग्झरी बसची एक जोडसीट फरशीत बोल्ट मारून बसवलेली होती. तिच्यापुढं आणखी एका सीटची नुसती पाठ, मागं धरायच्या दांडीसकट. "बसा," म्हणाले. मी बसलो. ते मशीनवर रेक्झिन शिवत राहिले. चहा आला. मी चहा प्यालो, मोबाइल बघितला, दुकानातल्या दोऱ्यांच्या रिळांचे रंग बघितले. अर्ध्या तासानं मान वर न करता म्हणाले, "उभं राहून काम करता ना?"

मी शेंद्र्याला एका कारखान्यात लाइनवर होतो. आठ तास उभा. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"बसल्याबरोबर पाय सोडून दिले तुम्ही. बसून काम करणारा पाय आवरून बसतो. घ्या खोली."

माणूस तोंडानं काहीही सांगतो, बसतो मात्र खरा, अशी त्यांची ठाम समजूत होती. लग्नाला गेले की कार्यालयातल्या खुर्चीत आधी अंगठा दाबून बघायचे, मग नवरा-नवरीकडं बघायचे. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? चाचा म्हणाले, "मला ताप आहे, पण बाहेरच्या बाकड्याला जास्त झालंय." ताप उतरल्यावर दोन दिवसांत त्या बाकड्याला नवी गादी शिवून दिली आणि वर डॉक्टरांनाच बजावलं, की पेशंटला एवढा वेळ थांबवता तर नीट बसवा तरी.

या माणसाच्या हातात गल्लीची दरवर्षीची सहल होती.

दिवाळी होऊन थंडी पडली की आमच्या गल्लीतली तीस-पस्तीस माणसं एक बस करून कुठंतरी जायची. दुकानदार, भाडेकरू, हिंदू, मुसलमान, दोन-तीन म्हाताऱ्या, लेकरं. बसचा मालक चाचांचं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या गाडीतली प्रत्येक सीट त्यांनीच शिवलेली. स्लीपर बस त्यांना सोसायची नाही. "झोपूनच जायचं तर घरी काय वाईट?" म्हणायचे. बाकीच्या जगात सहलीचं गाव कसं ठरतं? कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवतं, सगळे वा म्हणतात, झालं. चाचांना हे साफ नामंजूर होतं. "फोटोत कुणाचीच कंबर दुखत नाय," ते म्हणायचे. त्यांची रीत उलटी होती. ज्याला यायचं असेल त्यानं, ज्याच्या शेजारी बसून जायचं त्याला घेऊन दुकानात यायचं, त्या जोडसीटवर तासभर बसायचं, चहा प्यायचा. चाचा आपलं काम करत राहायचे. शेवटी एकच प्रश्न. "गावाचं नाव सांगू नका. काय बघायचं राहिलंय ते सांगा."

कुणी किल्ला म्हणायचं, कुणी बर्फ. एका म्हातारीनं "पाणी असलेली नदी" सांगितलं होतं. चाचांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

महिनाभर असं सगळ्यांना बसवून झालं की चाचा एक आकडा जाहीर करायचे. सहा तास, पाच तास, कधी आठ. म्हणजे दिवसाला बसमध्ये तेवढंच बसायचं, त्यावर मिनिट नाही, आणि जायला फार तर तीन दिवस. भिंतीवर शाळेतल्यासारखा भारताचा नकाशा होता. आपल्या शहरावर खिळा ठोकलेला, खिळ्याला शिंप्याची टेप. टेप फिरवायची, टेपेत येईल ती गावं बघायची, त्यातून वहीतल्या जास्तीत जास्त इच्छा जिथं भागतील ते गाव धरायचं. इतक्या वर्षांत खिळ्यानं तिथं एवढं भोक पडलं होतं, की अख्खा जिल्हा त्यात गेला होता. गल्लीनं या पद्धतीनं मांडू बघितलं, बिदर बघितलं, हंपीसुद्धा बघितली. ज्या वर्षी लेकरं जास्त होती त्या वर्षी मात्र लोणार. चाचांचं म्हणणं, लेकरांना कंबर नसते, त्यांची लघवी धरून चालावं लागतं.

कोण कुणाशेजारी बसणार, हेही तेच ठरवायचे. एकदा एक सासरे आणि जावई जोडीनं बसायला आले. एकमेकांचा मान राखण्यापायी दोघंही सीटच्या दोन कडांना असे टेकले, की मध्ये तिसरा माणूस सहज मावला असता. चाचांनी जावयाला ड्रायव्हरच्या मागं टाकलं आणि सासऱ्यांना माझ्या शेजारी. मांडूला पोचेपर्यंत सासरे माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. उतरताना मला म्हणाले, "जावई असावा तर तुमच्यासारखा." मी अजून ते त्यांच्या जावयाला सांगितलेलं नाही.

मात्र चाचा नेमकं बघतात काय, हे गल्लीत कुणालाच कळलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, ते हालचाल मोजतात. जो हलला त्याचे तास कमी. त्यामुळं लोक त्या सीटवर दगडासारखे बसायचे. आया लेकरांना जिन्यातच दम द्यायच्या. एका गृहस्थांनी तर माशी बसली तरी नाक खाजवलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी आईला गावाहून आणलं. वडील गेल्यावर ती वैजापूरला एकटीच राहायची. तिथं तिनं तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले होते. आयुष्यात सहल म्हणून ती कुठं गेली नव्हती. कुणी ये म्हटलं की तिचं ठरलेलं, "तुम्ही जा, मी घर बघते." यंदा तिला न्यायचंच, असं मी ठरवलं होतं. आणि दुकानात जाताना जिन्यात मीच तिला सांगितलं, "आई, अजिबात हलू नकोस बरं का."

ती हलली नाही. पूर्ण तास. हात मांडीवर, नजर समोरच्या सीटच्या दांडीवर. चाचींनी दिलेला चहा तसाच निवला. मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि मनातून खूश होतो, की आपल्या आईनं पहिल्या नंबरानं परीक्षा पास केली.

"ताई, काय बघायचं राहिलंय?" चाचांनी विचारलं.

आई म्हणाली, "समुद्र. पण लई लांब असंल तर राहू द्या भाई. माझं काय, टीव्हीत बघितलाय मी."

ती वर गेल्यावर चाचांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "तीन तास. त्याच्यावर नाय."

मी उडालोच. "चाचा, ती हललीसुद्धा नाही!"

"म्हणूनच," ते म्हणाले. "ज्याचं दुखत नाय तो मजेत हलतो. इकडं टेकतो, पाय बदलतो, त्याला पत्ता पण नसतो. ज्याचं थोडं दुखतं तो ठरवून हलतो, आधी हात टेकतो. आणि ज्याचं लई दुखतं तो हलतच नाय. हलला की कळ येते ना. चहाचा कप उचलायला वाकावं लागलं असतं, म्हणून चहा पण नाय घेतला त्यांनी. किती वरसं शिवलं मशीनवर?"

मी त्या बाईच्या पोटचा मुलगा. एका खोलीत तिच्याबरोबर राहत होतो. सकाळी ती भिंतीला धरून उठते हे मी रोज बघत होतो आणि वय झालं एवढंच समजत होतो. जे एका परक्या माणसाला तासाभरात दिसलं, ते मला दोन महिन्यांत दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

त्या वर्षी चाचांनी आकडा जाहीर केला, तीन तास. गल्लीत गहजब झाला. तेव्हा सगळ्यांच्या मनात उदयपूर भरलेलं होतं, तिथले महाल आणि तलाव प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. कोपऱ्यावरच्या कापड दुकानाचे काका तावातावानं दुकानात आले. "कुणाची कंबर तीन तासांची, तेवढं नाव सांगा. एका माणसासाठी तीस माणसांनी उदयपूर सोडायचं?"

चाचांनी कधीच कुणाचं नाव सांगितलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बस कोणाला सोडून जाते का काका? सगळ्यांत मागचं चाक पोचतं तेव्हा बस पोचली म्हणायची."

"पण नाव?"

"नाव नक्को."

गल्ली मग एकमेकांच्या कंबरेकडं संशयानं बघायला लागली. आईला मात्र पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर ती खाली दुकानात उभी.

"भाई, माझं नाव काढा यादीतून. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको."

"तुमचं काढलं तरी तीनच राहतील," चाचा शिवता शिवता म्हणाले. "तुमच्यानंतर माझा नंबर. माझी पण कंबर गेलेली आहे."

आतून चाचींचा आवाज आला, "या अल्ला!" हा माणूस मशीनवर दिवसाचे दहा तास बसायचा.

आई शिंपीण. तिला असं गुंडाळणं सोपं नव्हतं. ती म्हणाली, "मग बसून दाखवा."

चाचा उठले आणि स्वतःच्याच सीटवर जाऊन बसले. मिनिटही झालं नसेल, लागले चुळबूळ करायला. इकडं वळले, तिकडं वळले, कंबरेवर हात ठेवून "हाय हाय" म्हणाले. आई शांतपणे बघत होती. मी तिला त्यांची सगळी युक्ती सांगून बसलो होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

"भाई," ती म्हणाली, "जो मजेत हलतो त्याचं दुखत नाय म्हणं."

चाचा थांबले. आधी माझ्याकडं रागानं बघितलं. मग दाढीतल्या दाढीत हसले आणि म्हणाले, "ताई, पकडलं तुम्ही. आता खरं सांगतो. चाळीस वरसं सीट शिवतोय. ज्याचं दुखत नाय तो फळीवर बसून पण जातो, त्याला माझी काय गरज? मी ज्याचं दुखतं त्याच्यासाठी शिवतो. तुम्ही नाय आलात तर मी कशाला जाऊ?"

आई वर आली, भाकरी टाकल्या, मला जेवायला वाढलं आणि मग एकदम म्हणाली, "पाठीमागं लावायची गादी मी शिवीन. त्यांच्या हातचं फोम मला नको."

त्या गादीवरून दोघांची पंधरा दिवस जुंपली. आईचं म्हणणं कापूस, चाचांचं म्हणणं फोम. आईच्या मते फोम घाम आणतं. चाचांच्या मते कापसाचे गोळे होतात. दोघंही आपापल्या जागेवरून खाली-वर निरोप पाठवायचे आणि ने-आण मी करायचो. शेवटी आतून कापूस, वरून फोम, त्यावर आईच्या हातची सुती खोळ असा तह झाला. आईला मी इतकं भांडताना आणि इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

कापडवाले काका आणि आणखी दहा-अकरा जण मात्र दुसऱ्या बसनं उदयपूरला गेले. खरं सांगायचं तर त्यांची सहल झकास झाली. काकांनी परत आल्यावर आठवडाभर फोटो दाखवले. चाचांनी चष्मा लावून एक-एक फोटो मन लावून बघितला, महालांना मनापासून दाद दिली आणि शेवटी विचारलं, "ते सगळं ठीक, पण सीट कशी होती?" काका म्हणाले, "सीटचं विचारू नका." पुढच्या वर्षी ते सर्वांत आधी बसायला हजर होते.

आम्ही बावीस जण निघालो. सकाळी निघून वैजापूरला चहा आणि एक तास पाय मोकळे. मग येवल्याला जेवण, दुपारी आराम, संध्याकाळी नाशिकच्या बऱ्याच अलीकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी जव्हार, तिथंच मुक्काम. जे अंतर लोक एका दिवसात कापतात त्याला आम्ही अडीच दिवस लावले. चाचा घड्याळ लावून उभे राहायचे आणि तास भरला की ड्रायव्हरच्या पाठीवर थाप. गाडी जिथं थांबायची तिथं आम्ही उतरायचो. त्यामुळं कुठल्याही यादीत नसलेली ठिकाणं आम्ही बघितली. एक पेरूची बाग, एक बंद पडलेला पेट्रोल पंप, आणि एका शाळेचं स्नेहसंमेलन. तिथं तर आमच्यातल्या दोन म्हाताऱ्यांना गुरुजींनी पाहुण्या म्हणून स्टेजवर बसवलं. चाचांनी आधी त्या खुर्च्या दाबून बघितल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी डहाणूच्या पुढं, बोर्डीच्या किनाऱ्यावर पोचलो. सुरूची झाडं ओलांडून बघतो तर समुद्र नाही. नुसती ओली, सपाट वाळू, आणि पार लांब एक पांढरी रेघ. ओहोटी होती. आम्ही मराठवाड्यातली माणसं, धरणाचं पाणी आटतं एवढं आम्हाला माहीत. समुद्र असा घर सोडून जातो हे कुणाला ठाऊक? चाचांचं तोंड उतरलं. एवढी टेप फिरवली, सगळ्यांना तास-तास बसवलं, आणि शेवटचं अर्ध्या किलोमीटरचं चालणं त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं. ओल्या वाळूतून आईला तेवढं चालवणार नव्हतं. "ताई, माझी चूक झाली," ते म्हणाले. त्यांना असं खजील झालेलं मी तेव्हा एकदाच बघितलं.

चिकू विकणारी एक बाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अहो, येईल ना संध्याकाळी. रोज येतो."

मग आम्ही हॉटेलातून खुर्च्या आणल्या आणि कोरड्या वाळूच्या कडेला मांडल्या. चाचांनी त्यातली बरी निवडून आईला दिली. बावीस माणसं चिकू खात समुद्राची वाट बघत बसली. आई मध्ये उठायची, चार पावलं फिरायची, पुन्हा बसायची. पांढरी रेघ जाड झाली, मग आवाज यायला लागला, आणि ऊन कललं तेव्हा पाणी सरकत सरकत तिच्या खुर्चीच्या पायांशी आलं. आईनं चपला काढून हातात घेतल्या. पाणी पावलांवरून गेलं तशी ती मोठ्यानं हसली, पोरीसारखी. आपल्याला समुद्रापर्यंत जाता येणार नाही असं धरून ती बसली होती, आणि समुद्र आपल्या पायांनी तिच्यापर्यंत आला होता. मी तिचा फोटो काढायला मोबाइल काढला आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळं मला काही नीट दिसेना.

परतीच्या शेवटच्या दिवशी येवला सोडलं. दुपारची वेळ, सगळ्यांना घराची ओढ लागलेली. रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि बस मुंगीच्या पावलानं चालायला लागली. चाचांना पुढच्या सीटवर डुलकी लागली होती. तास भरून वर अर्धा तास झाला तरी थापेचा पत्ता नव्हता. मी आईकडं बघितलं. ती समोरच्या दांडीकडं बघत होती, हात मांडीवर. मी उठणार, तेवढ्यात तीच बोलली. पुटपुटली नाही, माझ्या कानातही सांगितलं नाही. सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओ ड्रायव्हर भाऊ, गाडी थांबवा जरा. माझी कंबर लई दुखतीय."

बस थांबली. चाचा दचकून जागे झाले. कुणी हुश्श केलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. एकेक जण खाली उतरला. कुणाला खरंच पाय मोकळे करायचे होते, कुणी नुसताच उतरला. आई पदर खोचून कडेच्या लिंबाखाली येरझारा घालत होती आणि चाची तिच्या कंबरेला मूव्ह चोळत चालत होत्या. साठ वर्षांत माझ्या आईनं आपलं दुखणं चार माणसांत पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं, आणि जगाचं काही बिघडलं नव्हतं. फक्त एक बस वीस मिनिटं थांबली होती.